प्रकाशाचे पाण्यातील शोषण

पाण्यात शिरलेला सूर्यप्रकाश खोलीबरोबर मंद होतो, तसा त्याचा रंगही बदलतो. कारण निरनिराळ्या तरंगलांबीचे किरण पाणी कमीअधिक शोषते. शुद्ध पाण्यात 700 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश मीटरभरातच निम्मा होतो, 600 नॅनोमीटरचा नारिंगी सुमारे 3 मीटरांत. 450 नॅनोमीटरचा निळा निव्वळ शोषणाने निम्मा व्हायला 70 मीटरांहून अधिक पाणी लागते. रेणूतील हायड्रोजन-ऑक्सिजन बंधांची कंपने तांबड्या टोकाची ऊर्जा शोषून घेतात. मिठाचा यात जवळजवळ काहीच वाटा नाही. म्हणून समुद्र नसलेल्या सातारा-सांगलीलाही हा विषय परका नाही.

फरक पडतो तो पाण्यात मिसळलेल्या गोष्टींनी. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहणाऱ्या कृष्णेत हात कोपरापर्यंत बुडवला, तर बोटे दिसत नाहीत. बेसॉल्ट झिजून झालेल्या मातीतील लोहाची ऑक्साइडे आणि कुजलेल्या पाल्यातून उतरलेली पिवळसर द्रव्ये निळा प्रकाश आधी शोषतात. स्वच्छ समुद्रातला क्रम इथे उलटतो, आणि उरतो तो पिवळा-तांबूस उजेड. कोयना नदीवरील शिवसागरासारख्या जलाशयात प्रवाह मंदावून गाळ खाली बसतो, उजेड खोलवर उतरतो. शेवाळ वाढले, तर त्यातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा दोन्ही घेते. परत येतो तो हिरवा.

याच कोयनेचे पाणी दोन समुद्रांना मिळते. वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पोफळीकडे उतरलेले वाशिष्ठीमार्गे दाभोळला अरबी समुद्रात जाते; उरलेले कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे. नदीमुखाशी समुद्र मातकट-हिरवा असतो, खोल समुद्रात निळा. ही निळाई आकाशाचे नुसते प्रतिबिंब असल्याचे लॉर्ड रॅले यांचे मत होते. 1921 मध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी निकोल लोलकाने पृष्ठावरचे परावर्तन अडवून पाहिले. निळा रंग गेला नाही, उलट खुलला. रामन यांनी त्याचे श्रेय पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणाला दिले. तांबड्याचे शोषणही तितकेच महत्त्वाचे, हे मात्र शालेय पुस्तकांत अनेकदा राहून जाते.

पारदर्शकता मोजण्याचे साधन आजही साधेच आहे. अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये वापरलेली पांढरी तबकडी दोरीने सोडतात आणि ती दिसेनाशी होईल ती खोली नोंदवतात. तळ्यांसाठी काळे-पांढरे चतकोर रंगवलेली 20 सेंटिमीटरची तबकडी रूढ आहे. ती एकूण पारदर्शकता सांगते. कोणता रंग किती उरला, यासाठी वर्णपटमापकच पाण्यात उतरवावा लागतो.