रिकाम्या भिंती आणि एक पियानो

मध्यंतरी लेकीकडे लंडनला दोन महिने राहून आले. जावई ऑफिसात, नात शाळेत, मग दुपारी आम्ही मायलेकी कुठेतरी भटकून यायचो. असंच एकदा नॅशनल गॅलरीत गेलो. तासाभरात माझे गुडघे बोलायला लागले, म्हणून घुमटाखालच्या अष्टकोनी दालनात जरा टेकले. लेक म्हणाली, "आई, महायुद्धात इथे रोज दुपारी मैफल व्हायची, माहीत आहे का? एका पियानो वाजवणाऱ्या बाईंनी सुरू केली होती."

मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, थोडी लाजच वाटली. जवळजवळ तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध म्हणजे कारणे, घटना, परिणाम. पोलंडवर स्वारी, डंकर्क, पर्ल हार्बर, हिरोशिमा. मुलं सनावळ्या घडाघडा म्हणून दाखवायची. पण ज्या शहरावर बॉम्ब पडत होते तिथली माणसं दुपारी एक वाजता काय करत होती, हे ना पाठ्यपुस्तकात होतं, ना मी कधी विचारलं. परत आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करते. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

बाईंचं नाव मायरा हेस. जन्म १८९० सालचा, लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबातला. शिष्यवृत्ती मिळवून रॉयल अकॅडमीत टोबायस मॅथे या नामांकित गुरूंच्या हाताखाली शिकल्या. १९०७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाबरोबर पहिला मोठा कार्यक्रम झाला. कौतुक झालं, पण कौतुकाने पोट भरत नाही. पुढची कित्येक वर्षं बाई शिकवण्या करत होत्या. (हे वाचताना मला उगाचच आपलेपणा वाटला.) खरं नाव झालं ते १९२२ साली अमेरिकेत गेल्यावर. मग दरवर्षीचे दौरे सुरू झाले. बाखच्या एका समूहगानाचा त्यांनी पियानोसाठी केलेला अवतार १९२६ साली छापून आला आणि घरोघरी वाजू लागला. १९३९ साल उजाडलं तेव्हा बाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या आणि अमेरिकेचा पुढचा दौरा ठरलेला होता.

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने युद्ध पुकारलं आणि सरकारने नाटकगृहं, सिनेमागृहं, मैफलीची सभागृहं सगळी एका फटक्यात बंद केली. गर्दीवर बॉम्ब पडला तर, ही भीती. रात्री सगळीकडे मिट्ट काळोख. गॅलरीतली चित्रं त्याच्या आधीच गाड्यांत भरून वेल्सकडे रवाना झाली होती. पुढे ती तिथल्या मॅनॉडच्या दगडखाणीत नेऊन ठेवली, पार १९४५ पर्यंत. म्हणजे लंडनच्या ऐन मध्यात एवढी मोठी इमारत उभी, आणि भिंती ओक्याबोक्या.

हेसबाईंनी अमेरिकेचा दौरा रद्द केला. सुरक्षित देश, भरलेली सभागृहं, भरपूर पैसा, सगळ्यावर पाणी सोडलं. गॅलरीचे संचालक तेव्हा केनेथ क्लार्क होते. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि विचारलं, या रिकाम्या दालनांत अधूनमधून मैफल केली तर? क्लार्क म्हणाले, अधूनमधून का? रोजच करू या. सरकारची खास परवानगी काढली आणि १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली. वाजवायला बाई स्वतःच बसल्या. कोण येणार, किती येणार, याची धाकधूक होती, पण दाराशी रांग लागली. तिकीट एक शिलिंग. पौंडाचा विसावा भाग. कारकून, नर्सेस, सैनिक, म्हातारीकोतारी माणसं, सगळ्यांना परवडेल असं.

त्या दिवशी त्यांनी काय वाजवलं, ते बघा. बाख. बेथोव्हन. शुबर्ट. ब्राम्स. बहुतेक जर्मन किंवा ऑस्ट्रियन! मी ही यादी वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

याचं नवल का वाटावं ते सांगते. पहिल्या महायुद्धात याच लंडनमध्ये जर्मन म्हटलं की डोक्यात तिडीक जायची. १९१४ च्या ऑगस्टात एका मोठ्या सभागृहात वागनरच्या संगीताची ठरलेली रात्र बदलावी लागली होती. १९१७ साली तर खुद्द राजघराण्याने आपलं जर्मन आडनाव टाकून विंडसर हे नाव घेतलं. हेस हे आडनावही जर्मन वळणाचंच. त्या वेळी बाई ऐन तारुण्यात होत्या, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि दुसरीकडे, १९३३ पासून जर्मनीत ज्यू वादकांना वाद्यवृंदांतून हाकलून दिलं होतं. म्हणजे ज्या राजवटीने या ज्यू बाईंच्या जातभाईंना बेथोव्हन वाजवायला मज्जाव केला, तिची विमानं डोक्यावर येणार हे माहीत असताना, बाई रिकाम्या भिंतींमध्ये बसून बेथोव्हनच वाजवत होत्या. बेथोव्हन हिटलरला आंदण दिलेला नाही, हे भाषण न करता सांगण्याची ही तऱ्हा. पुढे बीबीसीनेही युरोपातल्या श्रोत्यांसाठी विजयाची खूण म्हणून निवडले ते बेथोव्हनच्याच पाचव्या सिंफनीचे पहिले चार ठोके.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं आणि पहाटे ते आक्रीत. मी तेव्हा त्या भागातल्या एका शाळेत होते. शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गात अशी मुलं होती की ज्यांच्या घरातलं कोण राहिलं आणि कोण गेलं हे विचारायची हिंमत होत नव्हती. आमचे संगीताचे सर म्हणाले, "बाई, परिपाठानंतर अर्धा तास पेटी काढतो. मुलांना काहीतरी म्हणू दे." मी ताडकन म्हटलं, "घराघरांत सुतक आहे, सर, आणि तुम्ही पेटी काय काढताय?" मी वयाने मोठी होते, माझा शब्द चालायचा. सरांनी पेटी कपाटात ठेवली. वाद घातला नाही. मुलं अर्धा तास नुसती बसून राहायची. माझं तेव्हा चुकलं, असं मला लंडनच्या त्या दालनात बसल्या बसल्या वाटून गेलं. इतकी वर्षं कधी वाटलं नव्हतं. असो.

१९४० च्या सप्टेंबरात लंडनवर खरोखरच रात्रंदिवस बॉम्ब पडू लागले. वरचा घुमट काचेचा. तेव्हा मैफल तळघरात उतरली. दाटीवाटी, थंडी, पण दुपारी एक वाजता वादन सुरू व्हायचं म्हणजे व्हायचंच. गॅलरीवरही बॉम्ब पडले. एकदा आवारात न फुटलेला बॉम्ब सापडला, म्हणून श्रोत्यांना दूरच्या दालनात नेलं आणि बेथोव्हनचं एक चतुष्टक सुरू झालं. मध्येच तो बॉम्ब फुटला. इमारत हादरली, वादक थांबले नाहीत. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

मला सगळ्यात आवडला तो बाईंचा व्यवहार. वादक नामांकित असो की नवखा, मानधन सगळ्यांना सारखंच. स्वतः मात्र एक पैसाही घेत नसत, आणि वाजवलं सुमारे दीडशे वेळा. उरलेली रक्कम अडचणीतल्या वादकांच्या मदतनिधीला जायची. शिवाय शेजारी स्वयंसेवक बायकांनी चालवलेलं खाण्याचं दुकान! रेशनच्या दिवसांत तिथली मध-मनुकांची सँडविचेस प्रसिद्ध होती. लोक डबा खाता खाता बाख ऐकत. आपल्याकडे कुणी असं केलं तर बुवा पेटी मिटून उठतील.

साडेसहा वर्षांत १,६९८ मैफली झाल्या आणि ८,२४,००० हून जास्त माणसांनी त्या ऐकल्या. १९४१ साली बाईंना डेम हा किताब मिळाला. युद्ध संपलं, चित्रं परतली, गॅलरीला आपली दालनं हवी होती. १० एप्रिल १९४६ ला शेवटची मैफल झाली. या मैफली पुढे चालू राहाव्यात अशी बाईंची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. संस्थांचं काय, गरज सरो. पण गॅलरी शेवटी चित्रांचीच, हेही खरं.

बाई पुन्हा अमेरिकेला जाऊ लागल्या, टोस्कानिनींबरोबर वाजवलं. सभागृहं पूर्वीसारखी भरत होती. १९६१ साली त्यांनी शेवटचा जाहीर कार्यक्रम केला. मग तब्येतीने साथ सोडली, तरी शिष्य येत राहिले. २५ नोव्हेंबर १९६५ रोजी लंडनमध्ये त्या गेल्या. लग्न केलं नव्हतं. ध्वनिमुद्रणाचा त्यांना मनस्वी तिटकारा. समोर माणसं नसतील तर वाजवायचं कुणासाठी, अशी काहीशी त्यांची तक्रार असावी असं मला वाटतं. त्यामुळे त्यांचं मुद्रित वादन तसं थोडंच आहे.

पण एक फिल्म आहे, १९४२ सालची, 'लिसन टू ब्रिटन' नावाची, जेमतेम वीस मिनिटांची. तिच्या उत्तरार्धात गॅलरीतली मैफल दिसते. गणवेशातले सैनिक, सँडविच खाणारी माणसं, श्रोत्यांत बसलेली राणी, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथची आई, आणि पियानोवर हेसबाई. मोत्झार्ट वाजवतायत. नातीने मला ती काँप्युटरवर लावून दिली. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी सांगून लावून घ्या, आणि आवाज जरा मोठा ठेवा.