सुटकेच्या दारातले ‘वेडेपण’

इंग्लंडमधील तुरुंगांत ‘गेट फीव्हर’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. सुटकेचा दिवस जवळ आला की कैद्याची झोप उडते. बाहेर आपले कोण उरले, खायचे काय, या धास्तीने तो सैरभैर होतो. पण हा ताप येण्यासाठी सुटकेची तारीख ठरलेली असावी लागते. आपल्या तुरुंगांच्या इतिहासात असे कैदी आहेत, की ज्यांना तारीखच नव्हती. आजाराचे नाव पुढे करून त्यांची सुटका अडवली गेली. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्यांच्याविषयी लिहिणे अगत्याचे वाटते.

बिहारमधील रुदुल साह याला मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडले. तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने जाब विचारला तेव्हा सरकारने सांगितले, की निकालाच्या वेळी तो वेडा होता. पण तो बरा असल्याचा अहवाल सिव्हिल सर्जनने फेब्रुवारी १९७७ मध्येच दिला होता. त्यानंतरही साडेपाच वर्षे कुलूप उघडले नाही. १९८३ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी नेमक्या जागी बोट ठेवले : हा माणूस वेडा झाला असेलच, तर तो या बेकायदा कोंडवाड्यामुळेच झाला नसेल कशावरून? न्यायालयाने त्याला आणखी तीस हजार रुपये भरपाई देवविली.

तो एकटा नव्हता. १९८२ मध्ये हजारीबागच्या विनामूल्य कायदेविषयक मदत समितीच्या एका पत्रावरून त्या तुरुंगातील काही कैद्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वेडे ठरलेली ही माणसे बरी होऊनही वर्षानुवर्षे आतच होती. न्यायालयाने त्यांना सोडताना गावी जाण्याचे भाडे आणि एका आठवड्याचा निर्वाहखर्च देण्यास सांगितले. दशके गेली आणि हाती पडला आठवड्याचा खर्च!

आसाममधील आदिवासी माचांग लालुंग याची कहाणी याहून भयंकर. १९५१ साली अटक झाली आणि त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ मध्ये रुग्णालयाने तो बरा असल्याचे कळवले. मग घरी नव्हे, त्याला तुरुंगात नेले. २००५ साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला, तेव्हा ५४ वर्षे सरली होती.

या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने आजार बरा झाल्याचे सांगितले होते. थांबला तो कागद. आरोपी मनोरुग्ण असेल तर खटला तहकूब होतो आणि तो बरा झाल्यावर पुढे चालतो, असा कायदा आहे. पण बरे झाल्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा माणूस लागतो. ज्याच्यामागे वकील आहे, शिकलेला भाऊ आहे, त्याचा कागद चालतो. आमच्या आधीच्या पिढीला घरी आलेला सरकारी कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. अशा घरातला माणूस आत विसरला गेला तर विचारायला जायचे कोणी?

आणि तुरुंग विसरभोळा आहे, असे कोणी म्हणू नये. कैद्याची जात त्याच्या नीट लक्षात राहते. जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून देणारे नियम अनेक राज्यांच्या तुरुंगसंहितांत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले ऑक्टोबर २०२४ मध्ये. कुणी झाडायचे हे पक्के ठाऊक असलेल्या व्यवस्थेला कुणाला सोडायचे होते, हे तेवढे आठवले नाही!

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यातील निदान एका तुरुंगात मनोरुग्णांच्या उपचारांची सोय करण्यास सांगितले आहे. ते हवेच. पण उपचार हा अर्धाच न्याय होय. बरा झालेला माणूस कोणत्या तारखेला बाहेर पडणार, हे विचारणारी माणसे प्रत्येक जिल्ह्यात उभी राहिली पाहिजेत. तुरुंगाच्या दारात जाऊन यादी मागणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे आणि विद्यार्थ्यांचेही काम आहे.