'सारखंच' आणि ८०७

चकलांब्यात कुणालाही विचारा, मुलगा हवा की मुलगी? उत्तर येतं, "दोन्ही सारखंच की!" आमचे अण्णाही हेच म्हणतात. आणि मी दोन बहिणींच्या पाठीवर जन्मलेला, तिसरा आणि शेवटचा.

२००१च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११मध्ये ८०७, राज्यात सगळ्यांत कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने देशात सगळ्यांच्या आधी, १९८८मध्ये केला होता. केंद्राचा १९९४मध्ये आला. म्हणजे कायदा होता, भिंतींवर घोषणा होत्या, लोकांच्या तोंडी उत्तरही बरोबर होतं. मग अख्खा जिल्हा खोटं बोलत होता?

मला तसं वाटत नाही. लोकांच्या मनात अटी तीन होत्या: लेकरं दोनच, त्यात एक तरी मुलगा, आणि मुलगा-मुलगी समान. एकेक सुटी विचारली तर तिन्हींना 'हो' येतं, तेही मनापासून. पण निसर्गावर सोडलं तर दोन लेकरांच्या साधारण चार घरांपैकी एकात दोन्ही मुलीच येणार. पाच लेकरं असायची तेव्हा सगळ्या मुलीच होण्याची वेळ बत्तिसांतल्या एखाद्या घरावर यायची. आजीच्या पिढीचा मुलींवर जास्त जीव होता असं नाही. या तिन्हींतली एक अट मोडायची वेळच बहुतेकांवर येत नसे. कुटुंब लहान झालं (ज्याचं आपण कौतुकच केलं), त्याच काळात सोनोग्राफी हाताशी आली, आणि तिसरी अट मोडली.

तीच का मोडली? कारण ती बोलायला फुकट होती. म्हातारपणी मुलाकडेच राहायचं, जमीन त्याच्याच नावावर जायची, हे ठरलेलंच होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४मध्येच केली. तरी आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतातच.

माझ्याही बहिणींनी केलं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, सहीच्या दिवशी सुट्टी काढून आलो. रस्त्यात मित्राला समानतेवर बरंच काही सुनावलं होतं. कागद पुढे आला तेव्हा थोरलीने विचारलं, "कुठं करू रे सही?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.