पीडितेच्या नावाची गोपनीयता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. पुढील वर्षी चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतरच्या चळवळीतून १९८३ मध्ये दंड विधानात कलम २२८-अ आले व पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरले. वरिष्ठ न्यायालयांचे निकाल छापणे मात्र अपवाद राहिले. निकालपत्रातही नाव नसावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले.

निवाडा-संग्रहात हा खटला पोलिसाच्या नावे आहे. अध्यापनात मात्र तो त्या मुलीच्याच नावाने शिकविला जातो. ज्या प्रकरणातून हे संरक्षण जन्मले, त्यातील मुलगीच त्याला वंचित राहिली. ही विसंगती अध्यापकांनीच दूर करावयास हवी.