साउंड कार्डाने उघडलेले अर्धे दार

हौशी रेडिओचा इतिहास लिहिताना यंत्रांचा क्रम लावण्याची सवय पडून गेली आहे: आधी व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, मग संगणक. या क्रमात 1998 चा डिसेंबर म्हणजे आणखी एक पायरी ठरते. त्या वेळी पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमने, म्हणजे हौशी रेडिओचालकाने, पीएसके31 ही टंकलिखित संदेशांची पद्धत घरगुती संगणकाच्या साउंड कार्डावर चालेल अशा रूपात खुली केली. माझ्या मते या घटनेचे महत्त्व तंत्रापेक्षा प्रवेशाच्या किमतीत आहे. हवेतून अक्षरे पाठवण्याचे ज्ञान जुनेच होते. ते वापरायला लागणारे खास यंत्र मात्र अनावश्यक झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून दूर असलेल्या कोल्हापूरसारख्या शहरातून पाहिले, तर हा फरक अधिक ठळक दिसतो.

आपल्याकडे या छंदाच्या वाटेत दोन अडसर राहिले, परवान्याचा आणि यंत्राचा. परवान्याचा अडसर राजकीय होता. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हॅमचे परवाने रद्द केले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे त्यांतलेच एक परवानाधारक. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भूमिगत काँग्रेस रेडिओसाठी प्रक्षेपक जुळवण्यात प्रिंटर यांचा हात होता. हौशी माणसाच्या हातातल्या प्रक्षेपकाकडे राज्यकर्ते संशयाने का पाहतात, याचे याहून बोलके उदाहरण नाही, आणि तो संशय स्वातंत्र्यानंतरही फारसा ओसरला नाही. यंत्राचा अडसर पैशाचा होता. बोलण्यापुरता संच युद्धातल्या जुन्या सामानातून किंवा सुटे भाग जमवून बांधता येई. अक्षरे पाठवायची तर टेलिप्रिंटर हवा, आणि 1980 च्या दशकातल्या पॅकेट रेडिओला टर्मिनल नोड कंट्रोलर नावाची वेगळी पेटी हवी. राजीव गांधी स्वतः हॅम होते आणि त्यांच्या काळात रेडिओ संचांवरचे आयात शुल्क हटले. तरीही परदेशी पेटी ती परदेशी पेटीच. मिळत नाही ते घडवायचे, ही कोल्हापूरची जुनी रीत आहे. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला, तो परदेशी कॅमेरा आवाक्याबाहेर होता म्हणूनच. पण तिथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या लेथवर टेलिप्रिंटर काढणे म्हणजे हौसेखातर कारखाना उभारण्यासारखे झाले असते.

साउंड कार्डाने ही कोंडी अनपेक्षित बाजूने फोडली. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर 1989 मध्ये आले ते खेळ आणि गाण्यांसाठी. पण रेडिओच्या स्पीकरमधून निघणारी मोर्सची टिकटिक काय, टेलिप्रिंटरची किलबिल काय, शेवटी ध्वनीच. आणि ध्वनीचे आकडे करणे व आकड्यांचा ध्वनी करणे हेच तर या कार्डाचे काम. मग पेटीचे काम प्रोग्रॅमने करायचे आणि कार्ड रेडिओला दोन तारांनी जोडायचे, एवढेच उरले. त्या दोन तारांत मात्र कसब आहे. कार्डातून साधारण एक व्होल्टच्या घरातला संकेत बाहेर पडतो, तर रिगच्या, म्हणजे रेडिओ संचाच्या, माइकला काही मिलिव्होल्ट पुरतात. म्हणून मध्ये रोधांची जोडी घालून तो शंभर पटींनी उतरवायचा. संगणक आणि रिग यांचे अर्थिंग एकमेकांत अडकले की 50 हर्ट्झची घरघर संदेशात मिसळते. त्यावर उपाय 600 ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर, जो बंद पडलेल्या टेलिफोन मोडेममधून काढता येतो. बोलण्याचे बटण दाबायला सीरियल पोर्टची एक पिन आणि बीसी547 सारखा काही रुपयांचा ट्रान्झिस्टर पुरतो. भंगारातल्या मोडेमवर चालणारा हा उद्योग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणाही कारागिराच्या आवाक्यातला होता. शिवाय पीएसके31 चा संकेत जेमतेम 60 हर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे एका माणसाच्या बोलण्याला लागणाऱ्या पट्ट्यात वीस-पंचवीस संभाषणे शेजारी शेजारी मावतात आणि थोड्या वॅटमध्ये समुद्रापार पोचतात.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा: 1998 मध्ये संगणक त्या पेटीपेक्षा कितीतरी महाग होता, मग स्वस्ताई कसली? पण संगणक घरात आला तो मुलांच्या शिक्षणासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी. त्याचा खर्च दुसऱ्या खात्यावर आधीच पडलेला असे. रेडिओच्या खात्यावर फक्त तारा येत. दुसरा आक्षेप जुन्या हॅमचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. मोर्समध्ये माणसाचा कान संदेश उकलतो. इथे सारे संगणक करतो, मग हॅमचे कौशल्य उरले कुठे? 2017 मध्ये आलेल्या एफटी8 या नव्या पद्धतीमुळे ही तक्रार वाढली. ही पद्धत घडवणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे जोड-पल्सारच्या शोधासाठी 1993 चे नोबेल मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ, आणि क्षीण संकेत गोंगाटातून वेचणे हीच त्यांची विद्या. एफटी8 कानाला मुळीच ऐकू न येणारा संकेतही वाचते, पण गप्पांना तिथे जागा नाही: कॉलसाइन, संकेताची ताकद आणि ठिकाणाचा चौकोन, संपले. या बाबतीत तक्रार खरी आहे. मात्र कौशल्य नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. ते कानातून जोडणीत आणि पातळी राखण्यात गेले. आवाज जरा जास्त चढवला की संकेत फाटतो आणि शेजारच्या सगळ्यांची संभाषणे बुडतात, आणि तो कोणाचा हे पडद्यावर नावासकट दिसते.

तिसरा मुद्दा माझ्याच युक्तिवादावर मर्यादा घालतो. यंत्राचा अडसर गेला, तरी परवान्याचा तसाच राहिला. 1978 च्या नियमांत ग्रेड दोनसाठी मिनिटाला 5 आणि ग्रेड एकसाठी 12 शब्दांच्या वेगाने मोर्स यावा लागे. मोर्सविना मिळणाऱ्या रेस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीएचएफवर फक्त बोलण्याची मुभा होती. म्हणजे लघुलहरींवर संगणकाने अक्षरे पाठवण्यासाठी आधी हाताने कड-कट्ट शिकणे भाग. मोर्सची जागतिक सक्ती 2003 च्या जिनिव्हा परिषदेत उठली, पण आपल्याकडची पोलिस पडताळणी आणि दिल्लीहून येणारा परवाना यांना साउंड कार्डाने काहीच फरक पडला नाही. तारा एका संध्याकाळी जोडून होतात, कागदांना महिने लागतात.

मोबाइलच्या काळात हे सगळे कशाला, असे विचारणाऱ्याने कोल्हापूरचा ऑगस्ट 2019 चा पूर आठवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी सह्याद्रीच्या रांगांपलीकडे व्हीएचएफचा थेट आवाज पोचणे कठीण, पण 7 मेगाहर्ट्झवर वर फेकलेला संकेत आकाशातून परतून पुण्यापर्यंत दिवसा सहज येतो, आणि पातळीचे आकडे ऐकण्यापेक्षा वाचण्यात चूक कमी होते. एफटी8 इथे निरुपयोगी. तिच्या चौकोनांच्या नकाशात कोल्हापूर म्हणजे एमके76, आणि इचलकरंजी, सांगली, मिरज, थेट विजापूरही त्यातच. कोल्हापूरकराला हे रुचण्यासारखे नाही, आणि मदत नेमकी कुठे पाठवायची हेही त्यातून कळत नाही. पीएसके31 ला मोकळा मजकूर चालतो, पण तिचा व्हेरिकोड हा अक्षरसंकेत इंग्रजीच्या मापाने बेतलेला आहे: ई या अक्षराला दोनच बिट. काही प्रोग्रॅम देवनागरीही पाठवतात, मात्र तिथे प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला स्वतंत्रपणे तीन बाइट लागतात. रोमन लिपीत सात बाइटांत मावणारे ‘राजाराम’ देवनागरीत एकवीस बाइट घेते. घाईच्या वेळी बंधाऱ्याचे नाव रोमनमध्येच जाणार.