रानमांजर काडतुसें

काडतूस म्हटलें कीं कारखान्याची छापील पेटी, तिच्यांत एका ओळीनें उभ्या असलेल्या पितळी नळ्या आणि प्रत्येकीच्या बुडावर उठविलेलें कारखान्याचें नांव, असें चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शंभराहून अधिक वर्षें अशींही काडतुसें शिकाऱ्यांच्या हातांत खेळत आलीं आहेत, कीं जीं निर्माण झालीं तेव्हां कोणत्याही दुकानांत विकत मिळत नव्हतीं. तीं एखाद्या आडगांवच्या कारागिरानें आपल्या लेथवर घडविलीं आणि एखाद्या शेतकऱ्यानें दिवाबत्तीनंतर आपल्या मेजावर बसून भरलीं. त्यांना तेथें 'वाइल्डकॅट', म्हणजे रानमांजर, असें नांव आहे. एकोणिसाव्या शतकांत पुरेशा ठेवीविना नोटा काढणाऱ्या पेढ्यांना अमेरिकन लोक हेंच विशेषण लावीत. जेथें तेल असल्याचा कांहींच पुरावा नाहीं अशा जागीं खणलेल्या विहिरींनाही तेंच लावीत. काडतुसाच्या बाबतींतही अर्थ तोच. ज्याच्या मागें कोणाचीच हमी नाहीं तें रानमांजर.

हा उद्योग समजण्यास काडतुसाची घडण थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. पितळेची पुंगळी, तिच्या बुडांतील ठिणगी पाडणारी टोपी, पोटांतील दारू आणि तोंडांत घट्ट बसविलेली गोळी, अशीं त्याचीं चार अंगें. बार झाला कीं दारू जळते, टोपी निकामी होते, गोळी निघून जाते. पुंगळी तेवढी मागें शाबूत राहते आणि ती पुन्हां भरतां येते. या पुंगळीचा आकार बदलणें हेंच रानमांजराचें सारें रहस्य होय. मोठ्या पुंगळीचा गळा पोलादी साच्यांत दाबून अरुंद केला, म्हणजे पुष्कळ दारूपुढें लहान गोळी बसते आणि अधिक वेगानें सुटते. गळा रुंद केला, तर तीच पुंगळी जड गोळी फेकते. कधीं पुंगळीच्या अंगाचा निमुळतेपणा काढून खांदा उभट करतात, म्हणजे पोटांत दारू थोडी जास्त मावते. हें शेवटचें काम साच्यानें होत नाहीं. त्यासाठीं जुनेंच काडतूस नव्या आकाराच्या कोठींत घालून झाडतात. दाबानें पितळ फुगून भिंतींना टेकतें आणि नवें रूप घेऊन बाहेर येतें. तांबटाला ज्यासाठीं शेंकडों ठोके घालावे लागतील तें येथें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होऊन जातें. अर्थात् प्रत्येक नव्या आकारासाठीं रायफलीच्या नळीच्या मागील टोंकाची कोठी, जिच्यांत काडतूस बसतें ती, नव्यानें कोरावी लागते. आणि कोरण्याचें हत्यारही कारागिरालाच घांसून तयार करावें लागतें.

एवढा खटाटोप लोकांनीं कशासाठीं केला? मोठ्या शिकारीसाठीं, असें कोणालाही वाटेल. पण याचें मूळ बरेंचसें एका क्षुद्र प्राण्यांत आहे. पूर्व अमेरिकेच्या कुरणांत वूडचक नांवाचा घुशीहून बराच मोठा, बिळें करून राहणारा प्राणी असतो. तो पीक खातो, आणि त्याच्या बिळांत घोड्याचा पाय अडकून मोडण्याची धास्ती शेतकऱ्याला असे. तो सावध असल्यानें जवळ जातां येत नाहीं. आणि वस्तीच्या प्रदेशांत सैनिकी रायफलीची जड गोळी झाडणें शेजाऱ्यांच्या गुरांना आणि शेजाऱ्यांनाही सुरक्षित नाहीं. लहान, अतिवेगवान, सरळ जाणारी आणि जमिनीला लागतांच फुटून जाणारी गोळी हवी होती, आणि ती कोणताही कारखाना विकत नव्हता.

या कामीं पहिलें पाऊल ज्यांनीं टाकलें त्यांत बफेलो शहरचा चार्ल्स न्यूटन हा व्यवसायानें वकील होता. त्यानें आंखलेलें पाव इंच व्यासाचें एक काडतूस सॅव्हेज कंपनीनें १९१५ सालीं बाजारांत आणलें. न्यूटनला त्यांत शंभर ग्रेन वजनाची गोळी हवी होती. कंपनीनें ८७ ग्रेनची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही किंचित हलकी, गोळी पसंत केली. कारण तेवढ्या वजनाला सेकंदास तीन हजार फूट हा वेग सांगतां येत होता आणि तीन हजार हा आंकडा जाहिरातींत शोभून दिसे. पुढें न्यूटननें स्वतःचा कारखाना काढला, तो १९१८ सालीं बुडाला. त्याची पुंगळी मात्र बुडाली नाहीं. ती थोड्याच वर्षांत दुसऱ्याच नांवानें पुढें यावयाची होती.

त्याच सुमारास अॅडॉल्फ नीडनर या कारागिरानें १९०६ सालच्या सैनिकी काडतुसाची पुंगळी पाव इंचापर्यंत अरुंद केली. सैन्याच्या पुंगळ्या विपुल आणि स्वस्त मिळत, म्हणून ही युक्ति सर्वांच्या आटोक्यांतली होती. नीडनरचें हें काडतूस १९२० च्या आसपासचें. रेमिंग्टन कारखान्यानें तें आपल्या यादींत घेतलें १९६९ सालीं. जवळजवळ पन्नास वर्षें तें लहान लहान कर्मशाळांतून जिवंत राहिलें, आणि पेटीवर नांव छापण्याची वेळ आली तेव्हां छापलें गेलें तें रेमिंग्टनचें. मेजर नेड रॉबर्ट्स याचें दैव त्या मानानें बरें. मॉझरची सात मिलिमीटरची पुंगळी अरुंद करून त्यानें केलेलें काडतूस रेमिंग्टननें १९३४ सालीं स्वीकारलें आणि त्याला रॉबर्ट्सचेंच नांव ठेवलें.

'हॉर्नेट' म्हणजे गांधीलमाशी, या काडतुसाचा जन्म तर सरकारी शस्त्रागाराच्या छायेंत झाला. स्प्रिंगफील्ड येथें टाउनसेंड व्हेलन, ग्रॉव्हनर वॉटकिन्स आदि लष्करी अधिकाऱ्यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत काळ्या दारूच्या जमान्यांतील एक जुनी लहान पुंगळी घेतली आणि तिच्यांत नवी धूरविरहित दारू भरून पाहिली. प्रयोग इतका साधला कीं १९३० सालीं विंचेस्टरनें तीं काडतुसें विकावयास काढलीं, आणि मौज अशी कीं तीं झाडण्याजोगी एकही कारखानी रायफल तेव्हां बाजारांत नव्हती! ग्राहकांनीं आपापल्या जुन्या रायफली कारागिरांकडून कोरून घेतल्या. पांच वर्षांनीं त्याच कंपनीनें 'स्विफ्ट' आणलें. पाव तोळ्याहून जराशी जड, ४८ ग्रेनची गोळी त्यांतून सेकंदाला ४,१०० फुटांहून अधिक वेगानें सुटे. वॉटकिन्सनें त्यासाठीं न्यूटनची १९१५ ची पुंगळी सुचविली होती; कंपनीनें ती सोडून आरमाराची एक जुनी पुंगळी निवडली.

टाकलेली ती पुंगळी जे. ई. गेबी आणि जे. बुशनेल स्मिथ यांनीं उचलली. तिचा गळा बावीस शतांश इंचापर्यंत दाबून १९३७ च्या सुमारास त्यांनीं जें काडतूस सिद्ध केलें तें स्विफ्टच्या फारसें मागें नव्हतें, आणि अचूकपणांत पुष्कळांना त्याहून सरस वाटे. गेबीनें त्याला 'व्हार्मिंटर' म्हणजे शेतीच्या उपद्रवी प्राण्यांचा काळ, असें नांव दिलें आणि तें नांव कायद्यानें आपल्यापुरतें नोंदवून घेतलें. हक्क राखण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे. पण ती उलटली. काडतूस करण्याची मनाई इतर कारागिरांना नव्हतीच, नांव घेण्याची तेवढी होती. त्यांनीं तेंच काडतूस '२२-२५०' या रुक्ष आंकड्यानें विकलें. ब्राउनिंगनें १९६३ सालीं त्यासाठीं रायफल काढली, तेव्हां त्याचीं काडतुसें विकणारा कारखाना अद्याप नव्हता. १९६५ सालीं रेमिंग्टननें काडतूस आपलेंसें केलें, तें त्या आंकड्यासह. अमेरिकन शिकाऱ्यांच्या घरोघर पोंचलेल्या या काडतुसाच्या पेटीवर गेबीचें नांव कोठेंच नाहीं.

नांवाचा प्रश्न असा. जिवाचा प्रश्न त्याहून कठीण. कारखानदारांनीं १९२६ सालीं आपली संस्था स्थापून प्रत्येक काडतुसाचें माप आणि दाबाची मर्यादा ठरविण्यास आरंभ केला. रानमांजराला असें माप नसतें. एकाच नांवाच्या दोन कोठ्या, दोन कारागिरांनीं कोरलेल्या, केसभर निरनिराळ्या असूं शकतात. एकींत निर्धास्तपणें झाडलेली दारू दुसरींत घातक ठरते. दाब मोजण्याचें यंत्र घरीं कोणाजवळ नसे. टोपी किती चपटी झाली, पुंगळी काढण्यास किती जोर लागला, यावरून अंदाज बांधीत. आणि तो चुकला तर वाफारलेलें पितळ तोंडाशीं येई.

या अंधारांत दिवा घेऊन शिरणारा पुरुष म्हणजे पी. ओ. अॅकली. ओरेगॉन संस्थानांत त्याची कर्मशाळा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कोलोरॅडोंतील ट्रिनिडॅड येथें त्यानें बंदूक-कारागिरी शिकविली. युद्धानंतर निरनिराळ्या देशांच्या सैनिकी रायफली अमेरिकेंत मातीमोल मिळूं लागल्या होत्या. कोणती किती सोसते याविषयीं लोक ऐकीव गोष्टी सांगत. अॅकलीनें त्या बांधून ठेवल्या आणि दारू वाढवीत वाढवीत मुद्दाम फोडल्या. ज्या जपानी अरिसाकाला सगळे हिणवीत, ती सर्वांच्या मागून हार गेली. दुसऱ्या एका प्रयोगांत त्यानें विंचेस्टर रायफलीचा खिट्टी अडविणारा भागच काढून टाकला आणि उभट भिंतींच्या आपल्या पुंगळ्या तिच्यांत झाडल्या. पितळ कोठीला इतकें घट्ट धरून बसलें कीं पुंगळी जागची हलली नाहीं, फक्त टोपी मागें सरकली. यावरून त्या पुंगळींत दाबच कमी असतो असा समज पुष्कळांनीं करून घेतला. तो चुकीचा होय. दाब तितकाच असतो, खिट्टीवर येणारा धक्का तेवढा कमी होतो, आणि कोठीला तेल लागलेलें असलें तर तेंही खरें राहत नाहीं.

अॅकलीच्या 'सुधारलेल्या' काडतुसांत एक शहाणपण होतें. त्याच्या कोठींत मूळचें कारखानी काडतूसही सुखरूप झाडतां येई, म्हणजे रानांत भरलेलीं काडतुसें संपलीं तरी गांवच्या दुकानांतून घेतलेलीं चालत. पण तो विनोदीही होता. हत्तीच्या शिकारीजोग्या अवाढव्य पुंगळीला बावीस शतांश इंचाची चिमुकली गोळी बसवून त्यानें सेकंदाला पांच हजार फूट गांठण्याचा प्रयत्न केला. गोळी ४,६०० च्या आसपास अडली. त्या काडतुसाला त्यानें जर्मन भाषेची नक्कल करणारें, कानठळ्या बसविणारें लांबलचक नांव ठेवलें. स्वतःच्या आणि इतरांच्या पुष्कळ रानमांजरांना तो निरुपयोगी म्हणत असे, हें त्याच्या अनुयायांच्या सहसा ध्यानांत राहत नाहीं.

हिंदुस्थानांत ही कला रुजली नाहीं, याचें कारण उघड आहे. येथें शस्त्राचा परवाना, त्यावर शस्त्राचा व्यास, आणि काडतुसांची संख्याही सरकारनें ठरविलेली. तरी नवें काडतूस जन्मास घालण्याचें श्रेय या देशाच्या कायद्याला आहेच. सैनिकी मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडूं नयेत म्हणून सरकारनें १९०७ सालीं ०.४५० इंच व्यासाच्या शिकारी रायफली आणि काडतुसें यांवर बंदी घातली. तेव्हां विलायतेच्या बंदूकवाल्यांनीं ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशा केसभर मोठ्या व्यासांचीं काडतुसें पुढें केलीं. तेथें हौसेनें जें घडलें तें येथें बंदी चुकविण्यासाठीं घडलें. स्वतंत्र भारतांत १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचाच बहुतेक शेवट झाला.

रायफलीची कथा वेगाची, तर पिस्तुलाची कथा जाड भिंतीची आहे. रिव्हॉल्वरच्या फिरत्या चकरींत सहा कोठ्या असतात. जितकें काडतूस जाड तितकी दोन कोठ्यांमधली आणि बाहेरची भिंत पातळ. एल्मर कीथ या गुराख्याला, जो पुढें आयडाहोंतील सॅमन येथें स्थायिक झाला, ही गोष्ट १९२५ सालीं ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, समजली. त्याच्या पंचेचाळीस व्यासाच्या कोल्टची चकरी फुटली. तीन कोठ्यांचा वरचा भाग आणि त्यावरची पोलादी पट्टी उडून गेली. कीथनें पंचेचाळीस सोडून चव्वेचाळीस घेतलें, कारण त्याची पुंगळी किंचित बारीक आणि म्हणून चकरीची भिंत किंचित जाड. स्वतः आंखलेली चपट्या नाकाची २५० ग्रेनची शिशाची गोळी आणि भरपूर दारू, असें काडतूस तो भरी. पुंगळी बदललेली नसल्यानें काटेकोर अर्थानें हें रानमांजर नव्हे; वृत्तीनें मात्र पुरें रानमांजरच. मोठीं जनावरें हाताच्या पिस्तुलानें मारतां येतात असें तो वर्षानुवर्षें लिहीत राहिला आणि कारखान्यांनीं हें काडतूस विकावें म्हणून त्यांच्या पाठीस लागला. तीस वर्षांनीं, १९५५ च्या अखेरीस, स्मिथ अँड वेसननें रिव्हॉल्वर आणि रेमिंग्टननें काडतूस सिद्ध केलें, त्याचें नांव 'चव्वेचाळीस मॅग्नम'. रेमिंग्टननें पुंगळी अष्टमांश इंच लांब ठेवली, ती अधिक दारूसाठीं नव्हे. जुन्या, कमकुवत चकरींत ती पुरी बसूंच नये म्हणून.

१९६७ सालीं 'कंटेंडर' नांवाचें एकबारी पिस्तूल निघालें, त्याची नळी काढून दुसरी बसवितां येई. चकरी नाहीं, म्हणून कोठीच्या भिंतीची अडचणही फारशी नाहीं. मग काय, रायफलींच्या पुंगळ्या कापून, दाबून, फुगवून पिस्तुलांसाठीं डझनावारी काडतुसें निघालीं. मुठींचे कारागीर स्टीव्ह हेरेट यांचीं काडतुसें आणि जे. डी. जोन्स यांची आद्याक्षरें मिरविणारी मालिका त्यांतली. नळी बदलण्याचा खर्च नव्या पिस्तुलापेक्षां पुष्कळ कमी, त्यामुळें प्रयोगाला ऊत आला. कांहीं काडतुसें खरोखर चांगलीं होतीं, पुष्कळशीं एकमेकांच्या नकला.

परंतु चकरीचा प्रश्न ज्यानें सोडविला तो युटा संस्थानांतला डिक कॅसल. कीथनें टाकून दिलेली पंचेचाळीस कोल्टची पुंगळीच त्यानें १९५० नंतरच्या वर्षांत हातीं घेतली आणि साधा हिशेब केला : सहाऐवजीं पांचच कोठ्या कोरल्या तर भिंत आपोआप जाड होते. शिवाय चकरी अडविण्यासाठीं बाहेरून ज्या खांचा पाडतात, त्या सहा कोठ्यांच्या चकरींत नेमक्या कोठीच्या पातळ भिंतीवर येत. पांचांत त्या दोन कोठ्यांमधल्या भरीव जागीं सरकल्या. पुंगळी त्यानें पूर्वीहून सुमारें दशांश इंच लांब केली. हेतु रेमिंग्टनचाच, जुन्या कोल्टमध्यें ती बसूं नये. १९५९ सालीं ही गोष्ट छापून आली, पण रिव्हॉल्वर करणारा कारखाना वायोमिंगमधील फ्रीडम या गांवीं उभा राहून पहिलीं शस्त्रें बाहेर पडण्यास १९८३ साल उजाडलें. पुढच्याच वर्षीं कीथ वारला. कारखानदारांच्या संस्थेनें कॅसलच्या काडतुसाला १९९८ सालीं अधिकृत माप दिलें, आणि त्याच्या पेटीवर कॅसल हें नांव कायम आहे. चव्वेचाळीस मॅग्नमच्या पेटीवर कीथचें नांव नाहीं.