गायनाच्या ध्वनिमुद्रिका: अस्सल कोणती व नक्कल कोणती

( १ )

कोणताही जुना कागद हातीं आला असतां तो अस्सल आहे कीं नक्कल, समकालीन आहे कीं मागाहून लिहिलेला, आणि नक्कल असल्यास ती कशावरून उतरली, हे प्रश्न संशोधकानें प्रथम विचारावयाचे असतात. कै. राजवाड्यांपासून ही शिस्त आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं, तिचें समर्थन करण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु याच शिस्तींत वाढलेले लोक घरांतील ग्रामोफोनची जुनी तबकडी, तीवरून काढलेली कॅसेट आणि कॅसेटीवरून आणखी कशावर उतरविलेलें गाणें हीं तिन्ही एकच वस्तु समजतात, व त्यांवरून मागच्या पिढीच्या गायकीविषयीं बेधडक विधानें करतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. जुने गवई चढ्या पट्टींत गात, त्यांची लय आजच्यापेक्षां जलद असे, विलंबित ते थोडक्यांत आटोपीत, अशा प्रकारचीं हीं विधानें होत. त्यांपैकीं कांहीं खरींही असतील; पण ज्या साधनावर तीं उभीं आहेत त्या साधनाची परीक्षा झालेली नसते. ती कशी करावी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रश्न किरकोळ नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले व अल्लादियाखाँ १९४६ सालीं. दोघेही ध्वनिमुद्रणाच्या काळांत होऊन गेले, पण दोघांच्याही गाण्याची तबकडी उपलब्ध नाहीं. त्यांच्या गायकीविषयीं आपणांस जें कळतें तें शिष्यांच्या गळ्यांतून व ऐकणारांच्या आठवणींतून. म्हणजे बखरीच्या वाटेनें. उलट अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, केसरबाई यांचें गाणें समकालीन पत्राप्रमाणें आपल्यापुढें आहे. बखरीपेक्षां पत्राची योग्यता अधिक हें खरें. तथापि पत्र लिहिणारास कागद केवढा मिळाला होता हें पाहिल्याखेरीज त्यानें अमुक मजकूर कां गाळला याचा निवाडा करतां येत नाहीं.

( २ )

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला तेव्हां ध्वनीची खांच कथलाच्या वर्खावर उमटत असे. पुढें मेणाचीं नळकांडीं आलीं. त्यांत सुई खालीवर हाले व खांचेची खोली कमीअधिक होई. एमिल बर्लिनरनें १८८७ सालीं ज्या ग्रामोफोनचें पेटंट मागितलें, त्यांत सुई आडवी, म्हणजे डावीउजवीकडे, हाले. आणि पुढें त्याच्या यंत्रास सपाट तबकडीचें रूप आलें. केवळ ध्वनीच्या दृष्टीनें पाहतां नळकांडें कमी प्रतीचें नव्हतें. त्याचा घेर सर्वत्र सारखा, म्हणून सुईखालून जाणाऱ्या खांचेचा वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राही. तबकडीचा बाहेरचा घेर मोठा व आंतला लहान; फेरे तेवढेच असल्यामुळें सुई मध्याकडे येईल तसतसा खांचेचा वेग घटतो व आवाजांतील बारकावे पुसट होतात. शिवाय नळकांड्याच्या यंत्रावर घरच्या माणसास स्वतःचा आवाज भरतां येई. ग्रामोफोन केवळ ऐकण्यापुरता होता.

इतकें असूनही तबकडी जिंकली, आणि त्याचें एक मोठें कारण नकलेंत आहे. नळकांड्याच्या प्रती काढण्याची सोयीची रीति आरंभीं नव्हती. गवयानें कर्ण्यांच्या रांगेपुढें उभें राहून तीच चीज पुनःपुन्हां म्हणावी लागे. साच्यांतून ओतलेलीं नळकांडीं १९०२ च्या सुमारास बाजारांत आलीं, तोंपर्यंत पुष्कळसें नुकसान होऊन गेलें होतें. तबकडीच्या बाबतींत मूळ मेणावरून धातूचा उलटा ठसा, त्यावरून सुलटा, व त्यावरून दाबण्याचे ठसे घेतां येत, आणि त्यांतून हजारों प्रती निघत. नळकांडें ही हस्तलिखित पोथी व तबकडी ही छापील प्रत म्हटली तर फारसें चुकणार नाहीं. मधल्या सुलट्या ठशास तिकडील कारागीर ‘आई’ म्हणतात. आपल्याकडेही ज्या पोथीवरून नक्कल उतरावयाची तिला मातृका म्हणण्याची चाल आहे.

आपल्या देशांत दोन्ही प्रकार आले. कलकत्त्यास हेमेंद्रमोहन बोस यांनीं १९०६ च्या सुमारास नळकांडीं विकलीं; त्यांत रवींद्रनाथांचा आवाजही होता. परंतु त्यापूर्वींच, १९०२ च्या नोव्हेंबरांत, ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनें कलकत्त्यास गौहरजान प्रभृतींचें गाणें तबकड्यांसाठीं भरून घेतलें होतें. त्या काळीं तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें दाबल्या जात. सियालदहचा कारखाना १९०८ सालचा. तिकडील कारागिरांस गाणारा कोण हें कळावें म्हणून चीज संपतांच गायिका आपलें नांव उच्चारी. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव घालतो तशी ही पुष्पिकाच होय, आणि संग्राहकानें तिला तेवढेंच महत्त्व द्यावें.

( ३ )

या तबकड्या लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या मिश्रणाच्या असत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें, बारा इंचीवर चार ते साडेचार मिनिटें गाणें मावे. मैफलींत जो राग तासभर चालावयाचा त्याची अस्ताई, अंतरा, चार आलाप व कांहीं ताना एवढ्या जागेंत बसवाव्या लागत. तेव्हां तबकडीवर विलंबित नाहीं, यावरून गवई विलंबित गात नसे असें अनुमान काढणें म्हणजे जासुदाच्या चिठ्ठींत मजकूर थोडा, म्हणून लिहिणारास भाषा थोडी येत होती असें म्हणण्यासारखें आहे.

दुसरी मर्यादा कर्ण्याची. १९२५ पूर्वीं विजेचा उपयोग ध्वनिमुद्रणांत नव्हता. गवई कर्ण्यांत तोंड घालून गाई व त्याच्या आवाजाच्या बळानेंच सुई मेणांत चाले. अशा रीतीनें स्थूलमानानें सेकंदास २५० पासून २५०० पर्यंतचींच कंपनें नीट उमटत. काळी एक पट्टींतील पुरुषाचा मध्य षड्ज सुमारें १४० कंपनांचा व तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्मा. म्हणजे खर्जाचें अंग मुळांतच गळे. तें आपल्या कानास भासतें तें वरच्या अनुस्वरांवरून. तंबोरा कर्ण्यापर्यंत जेमतेम पोंचे. गवयास मात्र आवाज सोडून गाणें भाग पडे. विजेच्या मायक्रोफोननें ही अडचण दूर केली. हळू लावलेला स्वरही आतां उमटूं लागला.

याचें उत्तम उदाहरण अब्दुल करीमखाँ यांचें. त्यांच्या तबकड्यांचे दोन संच आहेत: एक १९०४-०५ च्या सुमाराचा, कर्ण्यापुढें गायलेला; दुसरा १९३४ नंतरचा, मायक्रोफोनपुढचा. लोकांच्या कानीं आहे तो दुसरा, आणि खाँसाहेबांच्या सुरेल, मृदु स्वरलगावाची कीर्ति बहुतांशीं त्यावर उभी आहे. दोन्ही संच लागोपाठ ऐकणारास मधल्या तीस वर्षांत गवई अगदींच पालटला असें वाटतें. वयानें व चिंतनानें पालट झालाच असेल; पण त्यांत गवयाचा वांटा किती व यंत्राचा किती, हें वेगळें केल्याशिवाय खाँसाहेबांच्या गायकीचा क्रम लिहूं जाणें धोक्याचें आहे.

( ४ )

तिसरी गोष्ट गतीची, व हींतच अधिकांत अधिक फसगत होते. जुन्या तबकड्यांस सरसकट ‘७८ च्या’ म्हणतात. परंतु दर मिनिटास ७८ फेरे हें प्रमाण मागाहून स्थिर झालें. आरंभींच्या काळांत ७० पासून ८० च्या पुढेंपर्यंत अनेक गती आढळतात. समजा, एक तबकडी ७४ फेऱ्यांनीं भरली व आपण ती ७८ फेऱ्यांनीं वाजविली. काळी एकमध्यें गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोनमध्यें गातांना ऐकूं येईल, आणि तीन मिनिटें दहा सेकंदांचें गाणें तीन मिनिटांत संपेल. स्वर चढला, लय वाढली, आवाजाचा जाडेपणा गेला. आणि हीं तिन्ही लक्षणें आपण गवयाच्या अंगीं चिकटविलीं! आरंभीं उल्लेखिलेल्या विधानांपैकीं किती या एका चुकींतून निघालीं असतील तें सांगवत नाहीं. साथीस पेटी असल्यास तिच्या स्वरांवरून मूळ गतीचा अदमास घेतां येतो. मात्र पेट्याही सर्व एका मापाच्या नव्हत्या, म्हणून एकाच बैठकींतील अनेक तबकड्या ताडून पाहणें हा अधिक भरंवशाचा मार्ग होय.

( ५ )

१९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें दर मिनिटास सवातेहतीस नव्हे, नेमक्या तेहतीस व एकतृतीयांश फेऱ्यांची, बारीक खांचेची तबकडी काढली. ती लाखेची नसून व्हिनाइलची; खरखर कमी, व एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें. आपल्या संगीतास प्रथमच पुरेसा कागद मिळाला. अमीरखाँ यांच्या प्रसिद्ध तबकडीवर एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. तेथें बढत सावकाश ऐकावयास मिळते. तीन मिनिटांच्या तबकडीशीं या तबकडीची तुलना करून ‘पिढींत लय किती उतरली’ हें मोजणारानें दोन्ही कागदांचीं मापें आधीं समोर ठेवावीं.

चुंबकीय फीत १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत पुढें आली व युद्धानंतर सर्वत्र पसरली. तिचे दोन परिणाम झाले. एक, सबंध मैफल भरतां येऊं लागली. इतिहासाच्या दृष्टीनें अशा खासगी फिती अमोल आहेत, कारण त्यांत गवई लांबीच्या बंधनांतून व यंत्राच्या धाकांतून बराच मोकळा असतो. दुसरा, फीत कापून जोडतां येते. म्हणून एक सलग वाटणारें गाणें दोन वेळच्या गाण्यांचें जोडकाम असूं शकतें.

फिलिप्सची कॅसेट १९६३ सालची. तिची फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद, व चाल सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणगृहांतील मोठी फीत सेकंदास ३८ सेंटिमीटर चालत असे. गुणांत कॅसेट यामुळें उणी, पण नळकांड्याबरोबर गेलेला अधिकार तिनें घरास परत दिला: प्रत्येक श्रोता नकलनवीस झाला. तिच्यामुळें पुष्कळ गाणें वांचलें, आणि तिच्यामुळेंच नकलेच्या नकलेस अस्सल समजण्याची संवय लागली. दर नकलेंत सूं-सूं वाढते, आणि यंत्राच्या चालीप्रमाणें पट्टी सरकते.

१९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनि आंकड्यांच्या रूपानें असतो: सेकंदास ४४,१०० मोजणीं, प्रत्येक १६ बिटांचें, व एकूण सुमारें ७४ मिनिटें. या प्रकारांत प्रथमच नक्कल मुळाशीं अंकशः जुळूं शकली. परंतु आंकडे बिनचूक उतरले तरी ते कशाचे घेतले हा प्रश्न राहतोच. जुन्या तबकड्या पुन्हां प्रसिद्ध करतांना खरखर काढून टाकतात. ती काढतांना हात सैल सुटला तर श्वास, ऊष्मवर्ण व जवारीचे वरचे अनुस्वरही तिच्याबरोबर जातात. हें संपादकानें दुरुस्त केलेलें पाठ आहे, मूळ पाठ नव्हे. १९९० नंतरच्या दशकांत पसरलेली एमपी-थ्री पद्धति याच्याही पुढें जाऊन कानास जाणवणार नाहीं असा अंश मुद्दाम गाळते. तो सारांश आहे. कामचलाऊ, कित्येकदां सुरेखही, पण सारांशच.

( ६ )

तात्पर्य, ऐकावयास कोणती वस्तु बरी व पुराव्यास कोणती, हे प्रश्न दोन आहेत. घरीं निवांत ऐकणारानें चांगली उतरविलेली डिस्क खुशाल ऐकावी; लाखेची तबकडी रोज वाजविल्यानें ती झिजते. पुराव्यास मात्र तबकडीच पाहिजे. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही सुमारें साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, आकाशांत गेली. त्या तबकडीची गति मिनिटास सोळा व दोनतृतीयांश फेरे असून ती वाजविण्याची रीति वर चित्रांनीं कोरलेली आहे. अज्ञात श्रोत्यासाठीं जी काळजी तेथें घेतली गेली, ती आपण आपल्या नातवांसाठींही घेतों असें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. नवी नक्कल मिळाली म्हणून मूळ तबकडी मोडींत काढूं नये. लेबलावरील यादी-क्रमांकाबरोबर लेबलाजवळ लाखेंत उमटलेला साचा-क्रमांकही टिपून ठेवावा. लेबलें बदलतात, साचा बदलत नाहीं. बारीक खांचेची सुई जुन्या तबकडीवर घालूं नये; जुनी खांच तिच्या सुमारें तिप्पट रुंद सुईची आहे. आणि नक्कल करणें झाल्यास ती कोणत्या प्रतीवरून, किती फेऱ्यांनीं, व कांहीं गाळून कीं न गाळतां केली, हें पाकिटावर शाईनें लिहावें. एवढ्या चार ओळी नसल्यामुळें किती नकला आज निरुपयोगी झाल्या आहेत, हें दप्तरें चाळणारांस निराळें सांगावयास नको.